शुश्रूषेची वही

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत मुंबईची माणसे आधी हवापालटासाठी आली, मग शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी, आणि गेल्या काही दशकांत उतारवयातील मुक्कामासाठी येऊ लागली. माथेरानच्या पायथ्याशी नेरळ येथे डिग्निटी फाउंडेशनने ज्येष्ठांसाठी वसाहत उभारली, डॉ. शीलू श्रीनिवासन यांनी १९९५ साली मुंबईत स्थापन केलेली ही संस्था. त्या वसाहतीत स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या शुश्रूषेचीही सोय करण्यात आली. परंतु असे बहुतेक वृद्ध कोणत्याही संस्थेत नसतात, आपल्या घरातच असतात. खोपोली, कर्जत, नेरळच्या बाजारपेठांतील व्यापारी कुटुंबांतही तेच चित्र आहे. मुलगा दुकानात, सून घर आणि दुकान दोन्हींकडे, नातवंडे पुण्या-मुंबईला; आणि दिवसभर बापूजींजवळ किंवा बांजवळ बसण्यासाठी चौक, वावोशी, कशेळे, कळंब अशा एखाद्या गावातून येणारी बाई. तिला घरात सगळे मावशी म्हणतात. तिचे नाव विचारले तर पुष्कळदा कोणालाच सांगता येत नाही.

या मावशींना कोणी काय शिकवलेले असते? ब्युरोमार्फत आल्या असतील तर अंथरुणाची चादर बदलणे, अंग पुसणे, डायपर बदलणे, साखर व रक्तदाब मोजणे, गोळ्या वेळेवर देणे. ही सर्व कामे आवश्यक आहेत, आणि खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णापाशी ती बहुतांशी पुरतातही. स्मृतिभ्रंशापाशी मात्र ती अर्ध्या वाटेवर थांबतात.

समजा, सायंकाळचे साडेसात वाजले आहेत. वेळापत्रकाप्रमाणे मावशी सूपची वाटी घेऊन येतात. त्यात बटाटा आहे. समोर बसलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांना आज कोणता वार आहे हे सांगता येत नाही, सुनेचे नाव आठवत नाही. ते वाटी हाताने दूर सारतात. मावशी पुन्हा चमचा ओठांशी नेतात, ते तोंड घट्ट मिटतात. तिसऱ्या वेळी वाटी जमिनीवर पडते. नोंदवहीत लिहिले जाते, ‘पेशंट सहकार्य करीत नाही, आक्रमक होतो.’ प्रत्यक्षात घडले ते एवढेच की साठ वर्षे ज्याने सूर्यास्तानंतर तोंडात काही घातले नाही आणि कंदमूळ खाल्ले नाही, त्याने आपला नियम पाळला. नियमाचे नाव आणि कारण स्मरणातून गेले, पण नियम अंगात उरला. मावशींचा यात दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि त्यांनीही विचारायचे असते हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

शुश्रूषेच्या प्रशिक्षणात गेल्या तीसएक वर्षांत जो विचार रुजला तो नेमका या ‘विचारण्या’चा आहे. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवुड यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची जी दुरवस्था दिसते ती सगळी मेंदूच्या झिजेची नसते. भोवतालची माणसे त्याच्याशी ज्या रीतीने वागतात तिचाही त्यात मोठा वाटा असतो. अशा घातक वागण्याचे त्यांनी सतरा प्रकार नोंदविले. त्यांत मारहाण वगैरे उघड क्रौर्य शोधू जाता हाती फारसे लागत नाही. रुग्णाला लहान मूल समजून बोलणे, त्याला झेपणार नाही अशा वेगाने सूचना देणे, तो समोर असताना त्याच्याविषयी इतरांशी बोलणे, त्याचे म्हणणे ऐकून न ऐकल्यासारखे करणे, अशी ती साधी यादी आहे. चांगल्या घरांतून, चांगल्या मनाने, रोज घडणाऱ्या या गोष्टी आहेत. ‘बापूजी, मला ओळखलंत का? सांगा बरं मी कोण?’ हा पाहुण्यांचा आवडता प्रश्न तपासून पाहावा. ज्याला उत्तर येत नाही त्याची चारचौघांत तोंडी परीक्षा घेण्याचाच हा प्रकार होय.

किटवुड यांनी व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवले. त्यानंतर शेफिल्ड येथील प्राध्यापक माइक नोलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकले, आणि व्यवहारी माणसाला ते अधिक पटण्याजोगे आहे. त्यांचे म्हणणे असे की, शुश्रूषा एकट्या रुग्णाची होत नाही. रुग्ण, कुटुंबीय आणि सेवेकरी या तिघांच्या परस्परसंबंधांतून ती होते. सुरक्षितपणा, आपलेपणा, सातत्य, हेतू, काही साधल्याचे समाधान आणि ‘मला येथे किंमत आहे’ ही जाणीव, अशा सहा भावना त्यांनी सांगितल्या आणि त्या तिघांनाही लाभल्या पाहिजेत असा आग्रह धरला. ज्या मावशींना उद्या आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्या बापूजींना सुरक्षितपणा कोठून देणार?

नात्यावर एवढा भर देण्याला भावनेपलीकडचा आधार आहे काय, असे कोणी विचारील. आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात अल्झायमर झालेल्या सतरा रुग्णांना आणि तितक्याच निरोगी माणसांना सुमारे वीस-वीस मिनिटांची दुःखद आणि आनंदी चित्रदृश्ये दाखविण्यात आली. थोड्या वेळाने विचारता रुग्णांना दृश्यांतील फारच थोडे आठवले. काहींना काहीच आठवले नाही. पण त्या दृश्यांनी उमटविलेली खिन्नता वा प्रसन्नता मात्र टिकून होती. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. सकाळी कोणी खेकसले हे दुपारी आठवत नाही, पण दुपारी मन उदास राहते आणि त्याचे कारण रुग्णाला सांगता येत नाही. तसेच कोणी मायेने केस विंचरले तर त्याचाही परिणाम मागे उरतो. ‘कितीही करा, त्यांना थोडेच कळते?’ असे म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा.

भारतात साठ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशासह जगत आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीत आहे. या सर्वांसाठी पदवीधर परिचारिका कोठून आणणार? याचे एक उत्तर शेजारच्या गोव्यात मिळाले आहे. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर एक रीतसर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. घरी जाऊन सल्ला देण्यासाठी त्यांनी परिचारिका नेमल्या नाहीत. बारावी झालेल्या, कोकणी अस्खलित बोलणाऱ्या आणि वृद्धांच्या सेवेची आवड असणाऱ्या स्थानिक व्यक्ती निवडल्या. त्यांना एका आठवड्याचे कसून प्रशिक्षण दिले, तेही फळ्यावर लिहून नव्हे, तर प्रसंग प्रत्यक्ष वठवून. पुढे सहा महिने त्यांनी किमान पंधरवड्यातून एकदा घरी जायचे, आजार समजावून सांगायचा, चिडचिड वा रात्रीचे भटकणे कसे हाताळावे ते दाखवायचे, कुटुंबीयांचे म्हणणे ऐकून घ्यायचे. त्यांच्या पाठीशी समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ होते.

परिणाम प्रामाणिकपणे नोंदलेला आहे, आणि म्हणूनच तो विश्वासार्ह वाटतो. रुग्णांची वर्तणूक वा कार्यक्षमता ठळकपणे सुधारली, असे सिद्ध झाले नाही. मात्र सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य लक्षणीय सुधारले, आणि रुग्णाच्या त्याच वागण्याने त्यांना होणारा त्रास कमी झाला. रात्री दोन वाजता ‘दुकान उघडायचे आहे’ म्हणून उठणारे बापूजी तसेच उठत राहिले असतील, पण त्यांच्यावर ओरडून मग स्वतःच रडत बसणाऱ्या सुनेला निदान काय करावे ते उमगले.

या ‘दुकान उघडायचे आहे’पाशी थोडे थांबले पाहिजे. व्यापारी घरांतील जवळजवळ प्रत्येक वृद्धाच्या तोंडी हे वाक्य येते, आणि सेवेकऱ्यांची खरी परीक्षा तेथेच होते. पहिला मार्ग वस्तुस्थिती सांगण्याचा: ‘दुकान पंधरा वर्षांपूर्वीच मुलाच्या हवाली केलेत.’ त्याने गृहस्थ दुखावतात, कारण त्यांच्या दृष्टीने ही बातमी आजची असते. दुसरा मार्ग थापेचा: ‘आज बाजार बंद आहे.’ ही थाप क्षणभर चालते. परंतु ज्या घरात सत्याचे व्रत मोलाचे मानतात तेथे ती सर्वांनाच खुपते, आणि किटवुड यांच्या त्या यादीत फसवणुकीचाही समावेश आहे. चांगल्या प्रशिक्षणात तिसरा मार्ग शिकवितात. वाक्यातील माहितीला उत्तर न देता त्यामागील भावनेला उत्तर द्यावे. ‘दुकानाची काळजी वाटते का? सकाळी गल्ल्यावर प्रथम कोण बसायचे?’ मग गृहस्थ सांगू लागतात: खोपोलीहून येणारी गिऱ्हाइके, पावसाळ्यात भिजलेली पोती, उधारीची वही. दहा मिनिटांनी ते खुर्चीत परत बसलेले असतात. येथे खोटे बोलावे लागले नाही आणि वादही झाला नाही. हे कौशल्य जन्मजात असावे लागत नाही. दोघा प्रशिक्षणार्थींपैकी एकाने बापूजी होऊन आणि दुसऱ्याने मावशी होऊन दहा वेळा सराव केला की ते येते.

याहून अवघड प्रसंग चोरीच्या आळाचा. स्मृतिभ्रंश झालेला माणूस वस्तू ठेवतो आणि ठेवल्याचे विसरतो. नंतर ती जागेवर दिसत नाही, तेव्हा त्याच्यापुरता एकच तर्कशुद्ध अर्थ उरतो: कोणीतरी नेली. आयुष्यभर रोकड जुळवलेल्या मनाला राहून गेलेली नोंद दिसत नाही. त्याला तूटच दिसते. संशय बहुधा त्याच्यावर येतो जो सर्वांत जवळ असतो, म्हणजे सुनेवर किंवा मावशींवर. हे या आजाराचे परिचित लक्षण आहे, आणि सेवेकऱ्यांनी काम सोडण्याचे हे एक मोठे कारण ठरते. तीस किलोमीटरवरून येणाऱ्या गरीब बाईला ‘साखळी कोठे लपवलीस?’ हा प्रश्न आजाराचे लक्षण म्हणून ऐकता येत नाही. तिच्या दृष्टीने तो गावभर होणाऱ्या बदनामीचा प्रश्न असतो.

येथे शिक्षण दोन्ही बाजूंना हवे. सेवेकऱ्याने ‘मी नाही घेतली’ असेही म्हणू नये आणि ‘तुम्हीच विसरलात’ असेही म्हणू नये. ‘साखळी दिसत नाही का? चला, दोघे मिळून शोधू’ असे म्हणून उठावे, आणि सापडेल ती वस्तू बांच्या हातून सापडू द्यावी. उशीचा अभ्रा, तांदळाचा डबा, देवघरातील कोनाडा, जुन्या चपलांचा खोका, प्रत्येकाच्या ठरलेल्या जागा असतात. त्या आठवडाभरात कळतात. कुटुंबाने मात्र सेवेकरी घरात येण्यापूर्वीच दागिने व ठेवपावत्या बँकेच्या लॉकरमध्ये हलवाव्यात, खोलीतील वस्तूंची यादी करावी आणि तिच्यावर दोन्ही पक्षांनी सही करावी. ही यादी प्रथम त्या बाईच्या रक्षणासाठी आहे, हे तिला समजावून सांगावे. बापूजींचे एटीएम कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक ‘औषधे आणायला सोयीचे पडते’ म्हणून मावशींच्या हाती देणे ही कोणाच्याच हिताची सोय नव्हे. रोजच्या खर्चाला थोडी रोकड आणि आठवड्याला सहीने मिटणारी छोटी वही पुरते. आणि बापूजींच्या खिशात चार नोटा, थोडी नाणी, हाताशी एखादे जुने खातेपुस्तक असावे. मोजायला काही नसले की मनुष्य हरवलेलेच मोजत बसतो.

भाषेचा प्रश्न या भागात विशेष आहे. पन्नास वर्षे बाजारात सफाईने मराठी बोललेल्या बा आजार वाढल्यावर अनेकदा माहेरच्या गुजराती किंवा मारवाडीकडे वळतात. नंतर शिकलेली भाषा आधी निसटणे हे अनेक रुग्णांत दिसते. समोर असते ती खालापूरकडची बाई. ‘दुखे छे’ हे दोन शब्द तिला ठाऊक नसतील तर मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची कळ ही चिडचिड म्हणून नोंदली जाते, आणि एकाएकी वाढलेल्या गोंधळाकडे ‘आजार पुढे गेला’ म्हणून पाहिले जाते. वास्तविक एक-दोन दिवसांत अचानक बिघडलेल्या वृद्धाला तातडीने डॉक्टरांकडे नेले पाहिजे, हा प्रशिक्षणातील पहिल्या दिवसाचा धडा असावा. दुखणे, भूक, तहान, शौच, थंडी, भीती यांसाठी घरातले वीस-पंचवीस शब्द कागदावर लिहून देणे हे कोणाही नातवाला एका संध्याकाळी जमण्यासारखे काम आहे.

हे सारे करण्याऐवजी शांत ठेवणारी गोळी देऊन मोकळे होण्याचा मार्ग जगभर वापरला गेला. त्याची किंमत इंग्लंडने मोजून पाहिली. २००९ साली तेथील सरकारसाठी प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी दिलेल्या अहवालात असे अनुमान होते की, स्मृतिभ्रंशाच्या सुमारे १,८०,००० रुग्णांना मनोविकारावरील तीव्र औषधे दिली जात होती, आणि त्यांपायी वर्षाला सुमारे १,८०० मृत्यू अधिक होत होते. काही रुग्णांना ती औषधे खरोखर लागतात. तो निर्णय तज्ज्ञांचा. पण मावशींना आंघोळीची युक्ती ठाऊक नाही म्हणून गोळी, हे बरे नव्हे. अंगावर एकदम तांब्या न ओतता आधी पायांवर कोमट पाणी घालावे, समोरून यावे, नजरेच्या पातळीवर बसावे, एका वेळी एकच गोष्ट सांगून उत्तरासाठी थांबावे, एवढ्याने पुष्कळ आंघोळी बिनतक्रार होतात. इंग्लंडमध्येच ६९ शुश्रूषागृहांत केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात कर्मचाऱ्यांना व्यक्तिकेंद्री शुश्रूषेचे शिक्षण आणि रुग्णांशी संवादाचा ठरावीक वेळ दिला, तेव्हा नऊ महिन्यांत रुग्णांच्या जीवनाचा दर्जा सुधारला, अस्वस्थता घटली, आणि एकूण खर्च नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा कमीच आला. शेवटचा मुद्दा व्यापाऱ्यांसाठी मुद्दाम सांगितला पाहिजे.

परंतु शिकविलेला माणूस टिकला तर. दर पंधरा दिवसांनी ब्युरोने बाई बदलली, तर प्रत्येक वेळी ओळख शून्यापासून उघडावी लागते. पेढीची पत एका व्यवहारात बांधली जात नाही, हे ज्यांना कोणी सांगावे लागत नाही तेच लोक शुश्रूषेत मात्र रोज नवा चेहरा चालवून घेतात. बाई न टिकण्याची कारणे बहुधा घरातच सापडतात. चोवीस तासांची ड्यूटी, सुट्टी नाही, रात्रीची झोप नाही, बसायला जागा जिन्याखाली. त्यात आहाराचा नाजूक विषय. रायगडच्या खेड्यातून आलेल्या बाईच्या डब्यात सुकट असू शकते, कांदा-लसूण तर असणारच. हे पहिल्याच दिवशी प्रेमाने, स्पष्ट बोलून ठरवावे: घरात काय चालणार नाही, तिला घरचे जेवण कोणत्या वेळी मिळेल, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात रात्रभर जागणाऱ्या तिने भुकेचे काय करावे. यावर मौन बाळगून पुढे डबा उघडलेला दिसल्यावर संताप करणे, हे दोघांनाही अपमानकारक आहे.

शिक्षणाच्या वाटा अगदीच नाहीत असे नव्हे. केंद्र सरकारची राष्ट्रीय समाज संरक्षण संस्था वृद्धसेवेचे अभ्यासक्रम चालविते. कौशल्य विकास योजनांत गृह आरोग्य साहाय्यकाचा अभ्यासक्रम आहे. १९९२ पासून कार्यरत असलेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेची मुंबईतही शाखा आहे. मात्र वावोशीची बाई त्यासाठी रोजंदारी बुडवून मुंबईस जाणार नाही. खोपोली वा कर्जतमधील एखाद्या समाजमंडळाने आपली वाडी वा सभागृह आठ दिवस द्यावे, शिकणाऱ्या बायकांना त्या आठ दिवसांचा रोज द्यावा, तज्ज्ञांना बोलवावे, आणि त्या वर्गात निम्म्या खुर्च्या सुना-मुलांसाठी ठेवाव्यात. गोव्याचा अनुभव पाहता याहून मोठ्या भांडवलाची गरज दिसत नाही. वर्ग संपल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा भेट ठरलेली असावी. आठवड्याचे शिक्षण त्या पंधरवड्याच्या भेटीविना महिनाभरात विरून जाते, आणि दानशूर मंडळी नेमकी तेथेच हात आखडता घेतात.

तोवर घरात एक वही घालता येईल. पहिल्या पानावर गृहस्थांचे नाव आणि त्यांना कोणत्या हाकेने बोलावलेले आवडते ते. जन्मगाव, शाळा, पहिले दुकान. पाणी उकळलेले लागते का, सूर्यास्तापूर्वी किती वाजता जेवतात, काय कधीच खात नाहीत. पहाटे सामायिकाला बसण्याची सवय असेल तर आसन कोठे ठेवलेले असते. कोणते गाणे, कोणता स्तवनाचा सूर ऐकला की डोळे उजळतात. कशाची भीती वाटते. कोणाच्या मृत्यूचा विषय काढू नये. आणि शेवटच्या पानावर मावशींचे पूर्ण नाव, त्यांचे गाव, घरी कोण कोण आहे, मुले कितवीत शिकतात, शेवटची गाडी किती वाजता आहे.